दसऱ्याच्या सकाळचं विमान

मी बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. त्या बत्तीस वर्षांत माझ्या तोंडाला लागायची कुणाची छाती झाली नाही, ना मुख्याध्यापकांची, ना पालकांची. मला गप्प करणारा एकच माणूस होता, माझा थोरला भाऊ. दादा चिकलठाण्याच्या एका कारखान्यात टूलरूमला होता. लोखंडाच्या तुकड्यावर नुसती नजर टाकून सांगायचा, "केसभर जास्त आहे." मापून बघितलं की खरंच केसभर जास्त निघायचं. मी लग्न केलं नाही. उस्मानपुऱ्यातल्या घरात खाली दादा-वहिनी आणि वरच्या खोलीत मी, अशी आमची मांडणी. जेवण एकत्र, चहा एकत्र, भांडणंही एकत्रच.

दादा रिटायर झाला आणि दोन वर्षांत त्याच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. हा आजार मोठा लबाड. दुखत नाही, खुपत नाही, लाल होत नाही. कडेकडेचं दिसणं गुपचूप खात जातो आणि समोरचं तेवढं शेवटपर्यंत ठेवतो, त्यामुळं माणसाला वाटत राहतं की आपलं झकास चाललंय. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, गेलेलं परत येणार नाही, पण थेंब नेमानं घातले तर आहे ते बरेच दिवस टिकेल. गाडी मात्र आता सोडलेली बरी.

थेंब तो घालायचा. स्कूटर सोडायला मात्र तयार नव्हता. चौकात एकदा केळीच्या गाड्याला घासून आला, एकदा फाटकाच्या खांबाला आरसा तोडून आला. वहिनी रडल्या, पुण्याहून माझी भाची, म्हणजे दादाची मुलगी, फोनवर ओरडली, मी तर महिनाभर त्याच्याशी धड बोलले नाही. त्याचं आपलं एकच, "हौ, हौ, बघतो," आणि पाच मिनिटांत किक मारून शहागंजला.

मग एक दिवस घरी हे एवढं मोठं खोकं आलं. आत पांढऱ्या फोमचं विमान, पंख वेगळे, शेपूट वेगळी, दोन दांड्यांचा रिमोट आणि एक बॅटरी. नवशिक्यांसाठीचं विमान होतं ते, पंख वरच्या अंगाला असलेलं, सावकाश उडणारं.

"हे काय आणखी खूळ?" मी विचारलं.

"खूळ नाय. परीक्षा आहे," दादा म्हणाला. "मी हे एकट्यानं उडवणार, एक चक्कर मारणार आणि परत गवतावर उतरवणार. उतरवलं तर माझे डोळे शाबूत आहेत, पुन्हा कुणी माझ्या गाडीचं नाव काढायचं नाही. नाही उतरवलं तर किल्ली तुझ्या हातात. मग मी हूं की चूं करणार नाही."

वहिनी माझ्याकडं बघायला लागल्या. मी म्हणाले, "ठरलं. पण शिकवणार मी, आणि मी सांगेन तसंच करायचं." खरं सांगते, माझ्या मनात पाप होतं. मला वाटलं, पहिल्याच दिवशी हे विमान आपटणार आणि किल्ली आपल्याला मिळणार.

मी तरी कुठं आधी विमान उडवलं होतं? पण शिकवणाऱ्या बाईला अडून चालत नाही. पंधरा दिवस मोबाइलवर व्हिडिओ बघितले, वहीत टिपणं काढली आणि एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत आठ ओळी लिहून काढल्या. आधी रिमोट चालू, मग बॅटरी. उतरल्यावर आधी बॅटरी काढायची, मग रिमोट बंद. पंख्याची दांडी तळाला असल्याशिवाय बॅटरीला हात लावायचा नाही, नाहीतर पातं बोटं घेऊन जाईल. दांडी उजवीकडं नेली की शेपटीची पट्टी उजवीकडंच वळते का ते बघायचं. रिमोट घेऊन तीस पावलं लांब जायचं आणि पुन्हा बघायचं. ऊन पाठीवर, वारा तोंडावर. माणसांच्या डोक्यावरून विमान न्यायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पंखांखाली जिथं खूण आहे तिथं दोन बोटांवर विमान तोलून धरायचं. नाक किंचित खाली झुकलं तर ठीक. शेपूट खाली गेली तर उडवायचंच नाही. शेपूट जड झालेलं विमान नाक वर करून चढत जातं, मग हवा धरून ठेवत नाही आणि ते दगडासारखं खाली येतं.

गुरुत्वमध्य! दर वर्षी सातवीच्या वर्गात बोटावर पट्टी तोलून मी तो शिकवला. पोरं खोडरबर ठेवून पट्टी पाडायची आणि मी ओरडायची.

जागेचीही पंचाईत होती. चिकलठाण्याकडं विमानतळ, तिकडं असलं काही उडवायचं नाही. हर्सूलला तुरुंग, तिथं नकोच नको. शेवटी अजिंठ्याच्या रस्त्यानं बरंच पुढं गेल्यावर दादाच्या कारखान्यातल्या एका जुन्या दोस्ताचा माळ होता, तो मिळाला. पावसानं गुडघाभर मऊ गवत वाढलेलं, आसपास ना विजेच्या तारा ना वस्ती. दादाच्या मागं स्कूटरवर बसायला मी साफ नकार दिला, त्यामुळं दर रविवारी पहाटे रिक्षा करून आम्ही दोघं म्हातारी माणसं मांडीवर विमान घेऊन निघायचो. दोस्त मला बाजी, म्हणजे ताई म्हणायचा. पहिल्या दिवशी मला बघून त्यानं कपाळावर हात मारला. "क्या बाजी, इस उमर में हवाईजहाज? हम तो समझे थे तुम्हीच इसको समझाएंगे!"

पहिल्या रविवारी विमान आपटलं ते माझ्याच हातून. दादा इतका हसला की खाली बसला. फोमच तो, डिंकानं चिकटवला. दुसऱ्या-तिसऱ्या रविवारपासून मला बऱ्यापैकी जमायला लागलं. मी चढवायची, वर नेऊन त्याच्या हातात रिमोट द्यायची, आणि उतरवायच्या वेळी परत घ्यायची. विमान आपल्याकडं तोंड करून यायला लागलं की डावं-उजवं उलटं होतं, तिथं सगळे नवशिके गोंधळतात. दादाला मी सांगितलं, जो पंख खाली झुकेल त्याच बाजूला दांडी द्यायची, म्हणजे सरळ होतं. त्याला एकदाच सांगावं लागलं. हात मुळातच मापाचा. दांडी इतकी हळू हलवायचा की मला अंगठा हललेलाच दिसायचा नाही.

विमान त्याच्या नजरेतून निसटायचं कधीकधी. कडेचं दिसत नव्हतं ना. पण त्यानं त्यावरही युक्ती काढली होती. डोळे हलवायचे नाहीत, अख्खी मान विमानाबरोबर फिरवायची. छाती पुढं, हनुवटी वर, आणि मान वळतेय सावकाश. त्याला तसा उभा बघितला आणि माझ्या मनातलं पाप कधी गेलं ते मलाच कळलं नाही. मला वाटायला लागलं, उतरवू दे देवा याला. स्कूटरचं काय व्हायचं ते पुढं बघू, पण हे एवढं उतरवू दे.

एकट्यानं उडवायचा दिवस त्यानंच ठरवला, दसरा. आदल्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडं त्या दिवशी दादाच्या हत्यारांची पूजा असते. मायक्रोमीटर, कानशी, पाने, ड्रिल मशीन असं सगळं पाटावर मांडतात, झेंडूची फुलं, हळदीकुंकू. त्या वर्षी मधोमध विमान. वहिनींनी पंखावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. मी म्हणाले, "वहिनी, बास हं. आणखी काही चिकटवू नका त्याला. फुलसुद्धा नको." "नाही हो वन्सं, मी कशाला हात लावतेय," असं म्हणून त्या आत गेल्या.

सकाळी निघायला उशीर झाला. रिक्षावाला दसरा म्हणून हार घालत बसला होता. माळावर पोचलो तेव्हा ऊन वर आलेलं आणि नऊनंतर वारा उठतो ही मला धास्ती. दोस्तही त्या दिवशी नव्हता. मी भराभर पुठ्ठ्यावरच्या ओळी म्हणत गेले. रिमोट, बॅटरी, पट्ट्या, तीस पावलं.

दादा म्हणाला, "बोटांवर धरायचं राहिलं गं."

आणि मी त्याच्यावर खेकसले. "परवाच धरलंय ना? तेव्हापासून काय बाळसं धरलं का त्यानं? वारा सुटायच्या आत उडव बघू आधी!"

तो हसला आणि रिमोट घेऊन उभा राहिला. मी विमान डोक्यावर धरलं. हातात शेपूट जरा ओढल्यासारखी वाटली, देवाशपथ वाटली, पण मला घाई झाली होती. वाऱ्याकडं तोंड करून मी ते सोडलं.

ते वर गेलं, फारच वर. नाक आभाळाकडं करून चढतच गेलं. दादानं दांडी पुढं ढकलली तर एकदम खाली झेपावलं, ओढली तर पुन्हा उभं. मी ओरडले, "पंखा कमी कर! सरळ कर!" तो म्हणाला, "सरळच करतोय!" मग ते वर गेल्यावर क्षणभर नुसतं थांबलं, एक पंख टाकला आणि गरगरत खाली यायला लागलं. "नाक कुठाय? मला नाक कळंना त्याचं! घे, तू घे!" रिमोट पुढं करून तो माझ्याकडं धावला. मी पोचेपर्यंत ते आपटलं होतं.

आवाज फार नाही झाला, फोमच तो.

"तू थांब इथंच," मी म्हणाले आणि गवतातून गेले. विमान मधोमध मोडलं होतं. बॅटरी काढली. शेपटीकडचा भाग उचलला तर आतून काहीतरी लाल डोकावत होतं. बोट घालून ओढलं. खणाच्या कापडात घट्ट बांधलेली पोटली होती. सोडून बघितली, आत एक लिंबू, एक सुपारी, एक हळकुंड आणि कुलदेवीच्या अंगाऱ्याची पुडी. हलू नये म्हणून भोवती कापूस ठासलेला. वहिनींनी ती विणायच्या सुईनं पार शेपटीपर्यंत ढकलली होती, मला दिसू नये म्हणून. नव्या गाडीला लिंबू बांधतातच की आपल्याकडं. पुढं पातं होतं, तिथं बांधलं तर कापलं गेलं असतं, म्हणून मागं. त्यांचा हिशेब अगदी बरोबर होता. चुकली होती ती विज्ञानाची बाई. दोन बोटांवर दोन सेकंद धरलं असतं तर शेपूट धप्पकन खाली गेली असती.

मी पोटली पर्समध्ये टाकली आणि तुकडे गोळा करून परत आले. सांगणारच होते. तोंड उघडलंच होतं मी. पण दादा गवतात बसला होता आणि त्यानं खिशातून स्कूटरची किल्ली काढून माझ्यापुढं धरली.

"मला नाक आणि शेपूट कळली नाही गं," तो म्हणाला. "संपलं."

मी ती किल्ली घेतली. का घेतली ते मी स्वतःला हजारदा विचारलंय. सांगितलं असतं तर वहिनींवर आभाळ कोसळलं असतं. नणंदेनं भावजयीचं नाव घ्यायचं म्हणजे घरात जन्माचं होऊन बसतं. माझा हलगर्जीपणाही बाहेर आला असता, बत्तीस वर्षांची माझी ऐट गेली असती. आणि त्याहून खरं म्हणजे, किल्ली हातात आल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं. आता हा कुणाखाली येणार नाही, कुणाला खाली घेणार नाही. खोटं काही बोलायलाच लागत नव्हतं, गप्प बसलं की झालं. रिक्षात तो सगळा वेळ बाहेर बघत होता आणि मी पर्स छातीशी धरून बसले होते.

संध्याकाळी आपट्याची पानं वाटून झाल्यावर वहिनींनी मला स्वयंपाकघरात गाठलं. "वन्सं, रागावू नका. आत मी एक पोटली ठेवली होती, विणायच्या सुईनं मागं सारून..."

"सापडली," मी म्हणाले. "तिच्यामुळंच कुणाला लागलं नाही."

त्यांनी हात जोडले. किती समाधान होतं त्या बाईच्या तोंडावर!

स्कूटर विकली. आम्हाला वाटलं, आता सगळं सुरळीत झालं. डोंबल सुरळीत! दादानं नुसती गाडीच सोडली नव्हती. गल्लीतले मिक्सर, इस्त्र्या दुरुस्तीला यायच्या, त्या परत पाठवायला लागला. हत्यारांचा डबा माळ्यावर टाकला. पेपर उघडेना. "अरे, तुला दिसतंय, वाच की," म्हटलं तर म्हणायचा, "मला वाटतं दिसतंय म्हणून. विमान पण दिसत होतंच की." थेंबांचीही टाळाटाळ सुरू झाली. गेलेल्या डोळ्यांत औषध कशाला घालायचं, हे त्याचं म्हणणं. वहिनी धरून बसवून घालायच्या, हा उठून रुमालानं पुसायचा. मी भांडले, डॉक्टरांकडं ओढून नेलं, शपथा घातल्या. एक वाक्य सोडून सगळं बोलले. ते वाक्य दर वेळी घशापर्यंत यायचं आणि मी म्हणायची, आता इतक्या दिवसांनी कसं सांगायचं? जितके दिवस जात होते तितकं ते अवघड होत होतं.

त्याच डिसेंबरात भाचीला मुलगी झाली. वहिनी आणि मी पुण्याला निघालो. दादाची बॅग मी भरली होती. तो दारात उभा राहून म्हणाला, "तुम्ही जाऊन या. मला काय दिसणार आहे? लहान लेकरू, कुठंतरी धक्का लागायचा माझा." वहिनींचं हातापाया पडून झालं. नाही म्हणजे नाही. फोनवर फोटो आले तेही त्यानं बघितले नाहीत. भाची बाळाला घेऊन अक्षय्य तृतीयेला घरी आली तेव्हा त्याच्या दोन्ही डोळ्यांपुढं खरंच धुकं साचलं होतं. डॉक्टर माझ्यावर चिडले, एवढ्या लवकर कसं झालं, थेंब बंद होते का? पावसाळा संपेपर्यंत दादाला उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं.

यंदाच्या दिवाळीत भाची आली होती. नात आता तीन वर्षांची होत आली आहे, तोंडाचा पट्टा अखंड चालू. दुपारी भाची आणि वहिनी बाजारात गेल्या होत्या. पोरगी दादाच्या मांडीवर खेळता खेळता झोपली. मी समोर बसून शेवग्याच्या शेंगा सोलत होते. दादा तिच्या चेहऱ्यावरून बोटं फिरवत होता. कपाळ, भुवया, नाक. टूलरूममध्ये एखाद्या तुकड्याची धार बघावी तशी हलक्या हातानं.

"नाक कुणावर गेलंय गं हिचं?" त्यानं विचारलं. "जो तो वेगळंच सांगतो."

"तुझ्यावर," मी म्हणाले.

"असेल." तो हसला. "एका परीनं बरं झालं बघ, त्या दसऱ्याला विमान आपटलं ते. डोळे गेलेत हे वेळेवर कळलं. नाहीतर मी उगाच आशेवर राहिलो असतो."

माझ्या हातातली शेंग खाली पडली. मला सहन झालं नाही. मी सांगितलं, सगळं सांगितलं. पोटली, लिंबू, विणायची सुई. "बोटांवर धरायचं राहिलं" असं तू म्हणालास आणि मी तुझ्यावर खेकसले. विमान कुणाच्याही हातून पडलंच असतं, डोळ्यांत तेल घालून बसलेल्या पायलटच्या हातूनसुद्धा. त्या गरगरण्यात नाक आणि शेपूट मलासुद्धा कळली नव्हती. तुझे डोळे चुकले नव्हते दादा, मी चुकले. रडत रडत काय काय बोलले, मला आठवत नाही. त्यानं मला मारावं, घराबाहेर काढावं, असं वाटत होतं.

त्यानं हळू आवाजात विचारलं, "तिला माहितीय?"

"वहिनींना? नाही."

"मग राहू दे. सांगू नको तिला."

मी मान हलवली. मग त्याला दिसत नाही हे लक्षात आलं आणि म्हणाले, "नाही सांगणार."

पोरगी झोपेत कूस बदलून त्याच्या पोटाशी सरकली. त्याचा हात तिच्या गालावर होता, तो तसाच थांबला.

"म्हणजे ही झाली तेव्हा मला दिसत होतं," तो म्हणाला.

"हो, दादा."

"चांगलं दिसत होतं?"

"समोरचं चांगलं दिसत होतं."

तो खाली बघितल्यासारखा मान घालून बसला, तिच्या तोंडाच्या अगदी जवळ.

"पुण्याला यायला पाहिजे होतं मी," तो म्हणाला.